क्वार्टरबॅक घडवायला पन्नास तास

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९:१०

सीझन सुरू. जर्सी स्वतः इस्त्री केली. ज्या गावात एम.एस. केलं त्या गावाच्या अमेरिकन फुटबॉल टीमला सव्वीस वर्षं धरून आहे. नाव इथे लिहीत नाही, वहीलाही लाज वाटेल.

पण यंदा गोष्ट वेगळी. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक मिळालाय. सीमाला पुन्हा एकदा समजावलं: ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातल्या पोरांची निवड, सगळ्यात रद्दी टीमचा नंबर पहिला. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल कुणाकडे फेकायचा ते तीन सेकंदांत ठरवतो. सीमा म्हणाली की हे तिने मागच्या वर्षी ऐकलंय, आणि त्याच्या मागच्या वर्षीही.

दुसरा प्रोजेक्ट लेक आन्या. जुलैत लर्नर परमिट आलं. इलिनॉयचा नियम आहे, मोठ्या माणसाला शेजारी बसवून पन्नास तास गाडी चालवायची, मग सोळाव्या वर्षी लायसन्स. वाढदिवस १८ एप्रिल. मे महिन्यापासून तिला पूलवर लाइफगार्डची नोकरी ठरली आहे, सकाळी पावणेसहाला हजर. त्या वेळी सीमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी हैदराबाद टीमच्या कॉलवर. लायसन्स नाही तर नोकरी नाही.

पन्नासच्या पन्नास तास मीच देणार, असं जाहीर केलं. सीमा हायवेवर उजवी, सगळ्यात हळू लेन सोडत नाही, ती काय शिकवणार? शिवाय तीन वर्षांनी पोरगी कॉलेजला जाईल. शेजारी बसून पन्नास तास मिळतायत, ते कोण सोडेल?

एक्सेलमध्ये डेव्हलपमेंट प्लॅन तयार. फेज वन: निरीक्षण, दहा आठवडे. नवख्याने आधी बेंचवर बसून अनुभवी माणसाचं बघावं. अनुभवी माणूस: मी.

दुपारी ३:१५

३१–६. हरलो. कोचने पोराला पहिल्याच मॅचला उतरवलं! ह्या माणसाला डेव्हलपमेंटमधलं ओ की ठो कळत नाही.

मॅचच्या वेळी दोघी मायलेकी बाहेर गेल्या होत्या. सोयीचं झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी आन्याला शेजारी बसवून घाऊक दुकानात जाऊन आलो. मी चालवली, तिने निरीक्षण केलं. चाळीस मिनिटं. एक्सेलमध्ये ०:४० भरलं. ती फोनमध्ये होती, पण काही गोष्टी नकळत मुरतात. हे तास खरंच धरतात का, असं तिने विचारलं. मी क्वार्टरबॅकचं उदाहरण देऊन वीस मिनिटं समजावलं. सीमा पोळ्या लाटत राहिली. म्हणजे पटलं.

मॅच हरलो. दोघी बाराला ग्रोसरीला गेल्या त्या तीनला आल्या. तीन तासांत आणलं काय, तर कोथिंबिरीची एक जुडी. ह्यांना प्लॅनिंग म्हणून माहीत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज टीव्हीवर नीट लक्ष दिलं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. खेळी सुरू होण्याआधी तो नियमाने बंद होतो, आमचा कोच तोवर त्याच्या कानात बोलत राहतो. पोरगा विचार कधी करणार? शिकवणाऱ्याला आधी तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट. लाखो डॉलर पगार घेतो, मूर्ख.

२७ सप्टेंबर, शनिवार

लोकाग्रहास्तव फेज वन मध्येच थांबवून आन्याला पहिल्यांदा गाडी दिली. आपल्याच सबडिव्हिजनमध्ये, घराजवळच्या गल्ल्यांत, बावीस मिनिटं. आरसा, ब्रेक, स्टॉप साइन, डावीकडे कुत्रा, उजवीकडे खार, पुन्हा ब्रेक, हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर, एवढंच सांगत होतो. आन्या म्हणाली की बाबा, यू आर येलिंग. मी ओरडत नव्हतो. काचा बंद होत्या, त्यामुळे आवाज घुमला.

५ ऑक्टोबर, रविवार

पोराने दोन बॉल समोरच्या टीमच्या हातात फेकले म्हणून कोचने त्याला हाफटाइमला बसवलं. त्याच्या जागी छत्तीस वर्षांचा म्हातारा. पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता, आणि कोच त्याच्याकडे बघतही नव्हता.

टीमच्या मालकाला चार पानी ईमेल लिहिलं. मुख्य मुद्दा: पोराला चुका करू द्या. चूक झाली की हातातून काढून घेतलं तर तो जन्मभर घाबरत राहील. चांगलं जमलंय. सीमाला वाचून दाखवलं. तिने मुख्य मुद्दा दोनदा वाचायला लावला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज रूट ५९. डावं वळण, म्हणजे इथे समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जाऊन. आन्या चौकाच्या मधोमध कचरली. मागच्याने हॉर्न मारला. मला स्टिअरिंग धरावंच लागलं. पुढच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून किल्ली काढून घेतली. आता तीन आठवडे परत निरीक्षण.

कोचची गोष्ट निराळी. फुटबॉलमध्ये समोरून ट्रक येत नाही.

घरी येताना आन्या मागच्या सीटवर बसली. निरीक्षण पुढे बसून करायचं असतं, हे तिला सांगितलं. बाहेर बघत होती. रडली असावी. मला बरं वाटलं नाही, पण शिस्त ती शिस्त.

१२ ऑक्टोबर, रविवार

मालकाकडून उत्तर आलं, आपोआप जाणारं. माझा उत्साह त्यांच्यासाठी मोलाचा आहे आणि जर्सीवर वीस टक्के सूट आहे.

हरलो. दोघी तीन तास बाहेर होत्या, आणलं दह्याचा एक डबा. पण गॅरेजमधून आत येताना आन्या खळखळून हसत होती. काल रडली, आज हसली. शिस्त लागू पडतेय.

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारचा सिद्धेश मॅच बघायला आला. आपणहून. त्याचं म्हणणं, क्वार्टरबॅकमध्ये काही खोट नाही, कोच बदलला की तोच पोरगा फुलेल. मी त्याला आठवण करून दिली की तो अमेरिकेत येऊन नऊच वर्षं झालीत. त्याने माझे चिप्स संपवले.

जाताना म्हणाला की काका, मागच्या रविवारी आन्या रूट ५९ वर दिसली, काय मस्त ड्राइव्ह करते यार. मी म्हटलं, ती दुसरी कुणीतरी असेल, आन्या सध्या बेंचवर आहे. कमाल आहे. स्वतः इंडियन असून ह्याला सगळ्या इंडियन मुली सारख्याच दिसतात.

आणि काका काय? माझ्यात आणि त्याच्यात बारा वर्षांचं अंतर आहे.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७

थँक्सगिव्हिंगला सात इंच बर्फ. फेज टू, म्हणजे प्रत्यक्ष चालवणं, मार्चपर्यंत पुढे ढकलली. बर्फात नवख्याचं काम नाही.

मॅच दुपारी उशिराची. म्हाताऱ्याचा गुडघा गेला, मग कोचला पोराची आठवण झाली. आठ आठवडे गारठवून ठेवलेला पोरगा, त्याला धड उभंही राहता येईना. सात वेळा आडवा पडला. प्रत्येक वेळी उठून आधी कोचकडे बघायचा. बघवेना.

दोघी अंधार पडल्यावर आल्या. अशा बर्फात कशाला गेलात, म्हणून रागावलो. सीमा म्हणाली की बर्फातच जायचं होतं. ह्या बाईचं लॉजिक लग्नापासून कळलेलं नाही.

४ जानेवारी, रविवार

सीझन संपला. तीन जिंकल्या, चौदा हरलो. कोचची हकालपट्टी होणार, असं टीव्हीवर सांगतायत. झालीच पाहिजे. एक होतकरू पोरगा हातात दिला आणि ह्याने त्याचं काय केलं? ऐकून घेत नाही, सतत बोलतो, चुकला की काढून घेतो, आणि एवढं करून आपण उत्तम शिकवतोय असा चेहरा. अशी माणसं स्वतःकडे कधी बघतात की नाही?

आता ड्राफ्टमध्ये आमचा नंबर दुसरा.

८ मार्च, रविवार

बेसमेंटमधल्या व्हाइटबोर्डवर माझा ड्राफ्ट बोर्ड. तीन क्वार्टरबॅक. टीव्हीवरचे गाढव लोक त्यांचे तळहात मोजतायत. मी ग्रेड्स बघितल्या. एकाला मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये चारपैकी ३.८. तो पहिला. बॉल फेकता येतो का, असं सीमाने विचारलं. ते शिकवता येतं.

आन्याचे एक्सेलमधले तास ३१:२०. फेज टू सुरू करायला हवी. ह्या आठवड्यात हैदराबाद टीमचं सॉफ्टवेअर रिलीज आहे. पुढच्या नक्की.

२९ मार्च, रविवार

आन्याला म्हटलं, चल. तिला म्हणे केमिस्ट्रीची टेस्ट आहे. मी तरी किती मागे लागू? नोकरी तिची, लायसन्स तिचं. पण माझा भरवसा आहे. ऐन वेळी सगळं जुळवून आणणं ही माझी खासियत, ऑफिसात विचारा कुणालाही.

२१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६

परवा पावणेचारला रोड टेस्ट. आज राज्याचा फॉर्म डाउनलोड केला. त्यात स्पष्ट लिहिलंय: स्वतः गाडी चालवलेले तास. निरीक्षण असा कॉलमच नाही.

एक्सेलला फिल्टर लावला. स्वतः चालवलेले तास: १:५२.

तीनदा बेरीज केली. अठ्ठेचाळीस तास कमी, दिवस दोन. तिची नोकरी गेली, आणि माझ्यामुळे गेली. तिला काय सांगायचं त्याची दोन वाक्यं ठरवली. पहिल्यात इलिनॉय सरकारचा दोष होता. दुसरं खोडलं. मग दोन्ही खोडली.

रात्री ८

स्वयंपाकघरात जाऊन सीमाला सगळं सांगितलं. तिने हात पुसले, पर्समधून घडी घातलेला फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. त्रेपन्न तास. त्यातले, नियमाने लागतात तसे, अंधारातले दहा. पहिली ओळ ७ सप्टेंबर, दुपारी बारा ते तीन. दुसरी १४ सप्टेंबर. सतरा मॅचेस, सतरा ओळी, आणि वर दोन संध्याकाळी जादा. प्रत्येक ओळीवर सीमाची सही.

मी म्हटलं, मला सांगायचं तरी. सीमा म्हणाली की सांगायचं नाही अशी आन्याचीच अट होती. बाबांना वाईट वाटेल म्हणून.

मी ऑक्टोबरमधल्या त्या चौकाबद्दल बोलायला लागलो. सीमा म्हणाली की त्या चौकाचा प्रश्नच नाही, पहिल्या रविवारी आन्याने स्वतःहून विचारलं होतं, आई, तू शिकवशील का. मी प्लॅन वाचून दाखवला त्यानंतर दीड तासाने.

रात्री ८:४०

तरीही पाया मीच घातला असं म्हणता येईल. एक तास बावन्न मिनिटं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत.

२३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ५

पास. एकच चूक, तीही किरकोळ. परीक्षक सीमाला म्हणाला की मुलगी अजिबात घाबरत नाही, कोणी शिकवलं? मी तिथेच उभा होतो. सीमाने माझ्याकडे बघितलं, उत्तर देण्याची संधी मला दिली. मी म्हटलं, हिच्या आईने. इंग्रजीत म्हटलं, त्यामुळे जरा सोपं गेलं.

संध्याकाळी ६:२०

आन्या मैत्रिणीकडे निघाली, उर्वीकडे, तीन मैलांवर. मी बूट घातले. शेजारी बसतो, पहिलीच वेळ आहे, एक शब्द बोलणार नाही. खरंच बोललो नसतो. ती म्हणाली की बाबा, आता शेजारी कुणी लागत नाही, दॅट्स द होल पॉइंट. रागाने नाही म्हणाली. माझी गाडी तिच्या मागे उभी होती, ती काढता का, असं विचारलं. काढली.

लायसन्स मिळालं की शेजारची सीट रिकामी होते, हे माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. पन्नास तास मिळणार होते. मी त्यातले सतरा रविवार एका मूर्ख कोचला शिव्या घालण्यात घालवले.

संध्याकाळी ७:३०

ड्राफ्ट. दुसरा नंबर आमचा. नव्या कोचने पुन्हा क्वार्टरबॅकच घेतला. इंजिनिअर नव्हे, दुसराच. एकवीस वर्षांचा. सिद्धेशचा मेसेज आला: काका, कसा वाटला? फोन उलटा ठेवला.

नाव पुकारल्यावर पोरगा उठला आणि आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. टीव्हीवाली बाई माईक घेऊन आईकडे गेली. वडील बाजूला उभे होते, पोराचा कोट हातावर घेऊन. चांगले सहा फूट. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांनी कोटावरचं काहीतरी झटकलं, मग पुन्हा झटकलं. कॅमेरा पुढे गेला.

मी टीव्ही म्यूट केला. सीमा म्हणाली की आन्या नऊपर्यंत येईल. म्हटलं, मला माहीत आहे. पण आवाज बंदच ठेवला, गॅरेजचं दार ऐकू यावं म्हणून.