ती. आत्यास, सैंधवाबद्दल

सँडरिंगहॅम, ऑकलंड
१५ नोव्हेंबर २००९

ती. वसुंधराआत्यास मकरंदचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून उभ्यानेच घालतो आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? विनयाला सातवा लागला. तब्येत बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. कारण तू दर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुण्याहून पाठवतेस ते सैंधव. भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

झालं असं, की इथल्या विद्यापीठातली एक बाई निरनिराळ्या देशांतून आलेल्या माणसांच्या लघवीत आयोडीन किती असतं ते तपासत होती. इथल्या मराठी मंडळाकडे तिने माणसं मागितली आणि मी (मला कुणी विचारलं नव्हतं) आठ मराठी कुटुंबांची नावं देऊन मोकळा झालो. इथल्या जमिनीतच आयोडीन कमी, त्यामुळे गोऱ्या लोकांचे आकडे बेताचे, आणि जपानी मंडळी समुद्रातलं शेवाळ खाऊन सगळ्यांच्या पुढे, हे तिने आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, आपलं सात्त्विक खाणं जपान्यांना मागे टाकेल. मग वार्षिक परीक्षा असल्यासारखी मी सगळ्यांकडून तयारी करून घेतली. आठवडाभर बाहेरचं खायचं नाही, मासे-अंडी बंद, ब्रेड बंद, भाजी-आमटीत फक्त सैंधव. तुझ्या पुड्या मी स्वतः गाडीने घरोघर पोचवल्या, पार अवोन्डेलपर्यंत. शुद्ध मीठ म्हणजे त्यात सगळं असणारच, असा माझा समज. (मी इंजिनिअर आहे, ही गोष्ट सध्या मंडळात कुणी काढत नाही, एवढे उपकार.)

निकाल आला. सगळ्या गटांत तळाला आम्ही. आयोडीन घालतात ते दुकानातल्या साध्या मिठात, सैंधवात ते जवळजवळ नसतंच, हे त्या बाईने मला फार सौम्यपणे समजावलं. सप्टेंबरपासून इथे ब्रेडमध्ये तसंच मीठ घालायचा कायदा झाला आहे, पण आम्ही खातो पोळ्या. आमच्यात वर आला एकटा प्रमोद, जो आठवडाभर ऑफिसातून येताना गाडीत बसून चोरून फिश अँड चिप्स खात होता. त्याचं अभिनंदनही मलाच करावं लागलं.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण सगळ्यांत खालचा आकडा विनयाचा निघाला. तिने काही आठवडाभरच सैंधव खाल्लेलं नाही, आमच्या घरात वर्षभर दुसरं मीठच नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं म्हणे. मिडवाइफने लगेच गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर म्हणतात, बाळाची वाढ ठीक दिसते आहे, गोळ्या चुकवू नका. तरी परतताना गाडीत विनयाने एकदाच विचारलं, "बाळाला काही झालं असेल का?" तेव्हापासून ती गप्प आहे आणि माझं कशातच लक्ष लागत नाही.

तेव्हा आत्या, पुढल्या महिन्यात बाळंतपणाला येशील तेव्हा सैंधव आणू नकोस. बाकी काय हवं ते आण. घरच्या मोठ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मकरंद

ता. क. पुडीत तू 'फक्त उपासाला' अशी चिठ्ठी घालायचीस, ती मी दर वेळी काढून टाकत आलो. रोजच्या आमटीला तुझ्या हातची चव यायची, म्हणून. विनयाला मात्र सांगितलं आहे, की रोज हेच मीठ वापरा असा तुझाच हट्ट होता. ती काही बोलली तर तेवढं अंगावर घे. खरं सांगायचा धीर मला होत नाही.

दुसरा ता. क. आत्या, मी विनया. पत्र पोस्टात टाकायला मकरंदने माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. तुमची ती चिठ्ठी मला पहिल्याच वेळी कचऱ्याच्या डब्यात सापडली होती. ती चव मलाही आवडायची, म्हणून काही बोलले नाही. मी गप्प आहे ती त्याच्यावरच्या रागाने नाही. जमलं तर तिकीट बदलून याच महिन्यात या. मला फार भीती वाटते आहे.