थोरांचा तक्ता

३ मार्च, सोमवार

पडली बाई माळ गळ्यात! आजपासून इस्पितळाच्या धुलाईखान्याची सुपरवायझर — सहा आठवडे, तात्पुरती. जमलं तर कायम, नाहीतर परत घडीच्या टेबलावर. अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, कधी घडी चुकली नाही. आज नुसती हजेरी घेताना आवाज फुटेना.

साहेबांनी प्रशिक्षणाची वही दिली. तीत एक तक्ता. थोर व्यक्ती, क्षेत्र, गुण, आणि 'मी या आठवड्यात काय केले'. सेनापती आहे, फुटबॉलचा कप्तान आहे, शास्त्रज्ञ आहे, गिर्यारोहक आहे... दर शुक्रवारी एक ओळ भरून दाखवायची. मला चादरी कळतात हो. सेनापती कुठून आणू?

७ मार्च, शुक्रवार

सेनापती — युद्ध — झटपट निर्णय. घेतला! जेवणाची सुट्टी दोन पाळ्यांत. गुरुवारपर्यंत दोन्ही पाळ्या एकत्र बसून जेवत होत्या. मीही त्यांच्यातच. रकान्यात लिहिलं, 'निर्णय घेतला.' खोटं तर नाही.

घरी नवरा — "सेनापतींनी येताना भाजी आणली का?"

११ मार्च, मंगळवार

मावशी मला 'मॅडम' म्हणाल्या. टोचलं.

अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना इथे. शस्त्रक्रियेच्या खोलीतून आलेली गाठोडी सोडायची, डोळे मिटून एकेक चादर चाचपायची, हे त्यांचं काम. कधी चिमटा सापडतो, कधी सुई, एकदा तर एका डॉक्टरांचं घड्याळ. चाचपून झालं की ढकलगाडीच्या दांड्याला लाल दोरी बांधतात. दोरी असेल तरच गाडी यंत्राकडे न्यायची. मी नवी होते तेव्हा मलाही त्यांनीच शिकवलं. मी डावरी, माझी गाठ उलटी पडते. "तुझी गाठ म्हणजे रुसलेली सून. तोंड कायम पलीकडे!" असं म्हणून हसायच्या.

हल्ली त्यांची बोटं बधिर होतात. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कप्तान — खेळ — सगळ्यांच्या आधी मैदानात. हे मात्र जमेल मला. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाईन. लोक येतील तेव्हा पहिलं यंत्र फिरत असेल. बघू दे त्यांना!

१७ मार्च, सोमवार

काय करून बसले मी!

पावणेसातला पोचले. शनिवारची एक गाडी भरलेली, दोरी नाही. सातला सगळे येणार. वरच्या चार चादरी नीट चाचपल्या, बाकीच्यांवरून नुसता हात फिरवला. दोरी बांधली, यंत्र लावलं. लोक आले, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. आणि मग तो खडखडाट!

आत कात्री निघाली. ड्रमला हातभर चीर, चादरींच्या चिंध्या. साहेब धावत आले. "दोरी होती का गाडीला?" होती. "म्हणजे शनिवारी मावशींनी चाचपली." सगळ्यांनी मावशींच्या बोटांकडे पाहिलं. मी तोंड उघडलं — आणि मिटलं.

मावशी गाडीपाशी गेल्या, दोरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग ब्लेडने कापून खिशात टाकली. साधी गाठ सोडवेना त्यांना! मला रडूच आलं.

१८ मार्च, मंगळवार

साहेब म्हणाले, "बाई वाईट नाही, पण बोटं गेली. महिनाअखेर थांबवू." निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांची.

उद्या सांगते.

१९ मार्च, बुधवार

नाही सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

तक्त्यात आज कोण यावं? शास्त्रज्ञ — विज्ञान — स्वतःची चूक जाहीर कबूल करणे! रकाना कोरा दिला. साहेब हसले. "या आठवड्यात तुमची चूकच नाही वाटतं?" मीही हसले. चोराच्या उलट्या बोंबा असतात म्हणे. मी तर बोंबलायलाही घाबरते.

२४ मार्च, सोमवार

मावशींनी येऊन माझी खुर्ची पुसली. दिवसभर बसवलं नाही तीवर.

२६ मार्च, बुधवार

साहेबांच्या टेबलावर दोन पत्रं तयार. एक मला लवकरच कायम करण्याचं, एक मावशींना थांबवण्याचं. दोन्ही शुक्रवारी संध्याकाळी द्यायची, ही बातमी साऱ्या धुलाईखान्यात. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी पाहिलंय?"

कोणीच नाही पाहिलं. पण मूठ झाकायला मी मावशींची बोटं वापरतेय, त्याचं काय?

२८ मार्च, शुक्रवार

सांगितलं. सकाळी हजेरीलाच, सगळ्यांदेखत. साहेबही होते. आधी ठरवलेलं काहीच आठवलं नाही. "दोरी मी बांधली होती. गाडी चाचपली नव्हती." एवढंच जमलं. थोरांना हे कसं जमतं, ते वहीत कुठेच दिलेलं नाही!

साहेबांनी मावशींचं पत्र फाडलं. माझंही फाडलं. "सोमवारपासून घडीचं टेबल." वही मागून घेतली. मावशी मान खाली घालून चादरी चाचपत राहिल्या. माझ्याशी एक शब्द नाही. नसू दे. मी कोणत्या तोंडाने अपेक्षा करायची?

३१ मार्च, सोमवार

चहाच्या सुट्टीत मावशी घडीच्या टेबलापाशी आल्या. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत लाल दोरीचा तुकडा. गाठ जशीच्या तशी. तोंड पलीकडे.

"तेव्हाच ओळखलीत?"

"मीच शिकवली ना गं तुला."

"मग साहेबांना दाखवायची ना! नोकरी जात होती तुमची!"

"दाखवणार होते की. शुक्रवारी दुपारी. सकाळ तुझ्यासाठी ठेवली होती."