एकलीनं कसं रडावं

अमरावती, बुधवार, दिवेलागण

लिहायचं टाळत होतो. आधी राजापेठेत उगाच भटकलो, मग बोरू शोधत बसलो. पण आमच्या मिशनमधली रूथबाई डोक्यातून जात नाही.

तिचं तान्हं गेलं, तेव्हापासून ती रडलेलीच नाही. पाद्रीसाहेब म्हणतात, बाळ प्रभूजवळ आहे, प्रार्थना कर. मिशनच्या नव्या डॉक्टरीणबाई मनाचं शास्त्र शिकून आल्यात. त्या म्हणतात, मनातलं बोल. आज व्हरांड्यात दोघांचा वाद चालला होता, आणि ती कोरड्या डोळ्यांनी बघत होती. मी चहा नेला, सहज विचारलं, "काहून रडत नाही बाई?"

"एकलीनं कसी रडू, भाऊ? आमच्यात गळ्यात पडून रडतेत. इथं सारे उपदेशच करून राहिले."

"माय?"

"बाप्तिस्मा घेतला तवापासून माह्या हातचं पाणी नाही घेतलं तिनं. ते काय येते आता!"

प्रार्थना खरी की शास्त्र? दोघांपैकी कुणी तिला जवळ घेतलं नाही, एवढं मात्र पाहिलं. मी तरी काय केलं? कप उचलले. ते कोरडे डोळे...

फाटकाशी टांगा थांबला आहे. तेल्हाऱ्याहून तिची माय आली आहे, आणि उतरायच्या आधीच हेल काढून रडते आहे.