पंचबोलच्या दरीत न घेतलेलं नाव

अवो,

बघा, पत्राची सुरुवातही अशीच झाली. ‘प्रिय’ लिहिलं आणि पुढं तुमचं नाव लिहायला हात धजेना. मग ते खोडलं आणि जन्मभर जी हाक मारली तीच लिहिली. पत्रातली हाक निदान दुसऱ्या कोणाला लागू होणार नाही. गाविलगडावर तसं झालं नव्हतं, आठवतं ना?

उद्या चिखलदऱ्याची ट्रिप निघायची आहे. तुमच्यामागची पहिली. दसरा झाला, आभाळ मोकळं झालं, आणि परवा रहीमभाई दारात येऊन उभे राहिले. चहा नको म्हणाले. दहा वर्षं तुमच्यासोबत मोटार घाटात चढवलेला ड्रायव्हर, पण माझ्याकडं बघून बोलत नव्हते, उंबऱ्याकडं बघत होते. मोटार मी वर नेईन, म्हणाले, पण वर नेऊन लोकांना सांगू काय? ह्या रविवारी गाडी भरून गेली नाही, तर मालक ती लग्नाच्या वऱ्हाडांच्या भाड्याला लावणार आणि ट्रिप कायमची बंद. जाता जाता एवढंच म्हणाले, “भाभीजी, किस्से तो आप ही को आते हैं.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आज शनिवारची दुपार आहे. तुमच्या माय सोप्यात अंबाडी निवडत बसल्या आहेत. आपली नलू शेजारी खेळायला गेली आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय मी आजवर कधी काही ठरवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

खरं सांगू? राग आहे माझा तुमच्यावर. आठवडाभर मोटार स्टँडवर तिकिटं फाडून पाय दुखले म्हणायचे आणि रविवार आला की पोरासारखे पहाटे उठून बसायचे! अमरावतीची माणसं मुंबई पाहून येतात, पण डोक्यावरचा सातपुडा त्यांनी पाहिला नाही, हे तुमचं दुखणं. माणसं जमवून हिवाळाभर डोंगर दाखवायचं खूळ तुमच्याच डोक्यातलं. आणि त्या खुळात मला ओढलं कोणी? बायका एकट्या पुरुषमाणसाच्या भरवशावर येत नाहीत, सोबत बाईमाणूस पाहिजे, असं सांगून लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला भाकरीच्या टोपल्यासकट मागच्या सीटवर बसवलंत. तेव्हापासून मी मागेच बसले. उद्या पुढं बसायचं म्हणता?

परतवाड्याला चहा आणि संत्री. धामणगाव गढीला इंजिनात पाणी. मग घाट लागला की तुम्ही दांडा धरून मोटारीत उलटे उभे राहायचे, तोंड लोकांकडं, पाठ रस्त्याकडं. वळणावर बायका डोळे मिटायच्या आणि तुम्ही म्हणायचे की डोळे मिटायचे होते तर घरीच मिटायचे, तिकीट कशाला काढलं! मी मागून पदरात हसायची. सगळी मोटार हसली की मला वाटायचं, हा माणूस माझा आहे, हे ह्या सगळ्यांना माहीत आहे का?

गाविलगडावर तर तुमच्या तोंडाला धरबंद नसायचा. पडक्या भिंती, कोरडी टाकी, ओसाड मशीद, रानभर गवत. तुम्ही त्यात हात करून दाखवायचे की ही सराफ्याची ओळ, हा कासारांचा बोळ, इथं एक वकील राहत होता, पोट तुमच्याएवढंच. ज्याचं पोट दाखवलं तो वकील खूश! एकदा परतताना मी विचारलं की जे कुठं लिहिलेलं नाही ते खोटं कशाला सांगता?

तुम्ही नेहमीसारखे हसला नाहीत. म्हणालात, “खोटं नाही वं. रिकामं गाव मानसाले भेव दाखवते. मी त्यात मानसं बसवून देतो, मंग लोक चार घटका थांबते.”

हे वाक्य तेव्हा मी सोडून दिलं होतं. श्रावणात तुम्ही गेलात, तेव्हापासून रोज आठवतं. तुमची खाट, तुमचा अंगरखा, कोपऱ्यातली छत्री. मी तिथं तुम्हाला बसवून देते आणि चार घटका थांबते.

आणि ते धुकं! लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोठ्या तोफेजवळून खाली उतरताना असं धुकं आलं की स्वतःचा हात दिसेना. एक म्हातारे गृहस्थ चष्मा विसरले म्हणून मागं राहिले होते, त्यांना आणायला तुम्ही गेलात आणि आलाच नाहीत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला टाकं. मी ओरडले, “अवो!”

डावीकडून कोणी म्हणालं, काय वं? मागून कोणी म्हणालं, आलो, आलो. पुन्हा हाक मारली तर समोरून एक धान्याचे व्यापारी धोतर सावरत येऊन उभे राहिले आणि माझं तोंड पाहून मागं सरले. एका हाकेला सगळ्यांचे नवरे आले, माझाच आला नाही. बायका हसत होत्या. मला रडू येत होतं. घशाची शीर ताणून हाका मारल्या, पण त्या दोन अक्षरांपुढं माझी जीभ गेली नाही.

धुकं उठलं तेव्हा तुम्ही कुठं होता? दोन तोंडांचं पाखरू कोरलेल्या त्या दरवाज्याखाली, म्हाताऱ्याशी गप्पा मारत! आणि वर मला काय सांगितलंत? “हाक आली होती मले. पन मले वाटलं, कोनाची तरी बायको तिच्या नवऱ्याले बोलावून राहिली.”

परतवाड्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. संत्रं सोलून दिलंत तेही घेतलं नाही. तुम्हीही समजून चुकलात. घरी आल्यावर हळूच म्हणालात की नाव घेतलं असतं तर धावत आलो असतो.

कशी घेणार होते? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला ह्या घरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी मायनी सांगितलं होतं. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, तोही बँडच्या गोंगाटात, पदराच्या आत. माझ्यापर्यंत पोचलाच नाही, असं तुम्ही कितीदा ऐकवलंत! म्हणजे तुमचं नाव माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलंच नाही. मतदानाला गेले तेव्हा खोलीतल्या बाबूनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी शेजारच्या काकूंना पुढं केलं. नलू पोटात आली तेव्हा तुम्ही म्हणालात, चला, आता हिला नवी हाक मिळाली. मग ‘नलूचे बाबा’ झालात. पण मोटारीत मात्र ‘अवो’च राहिलं.

आणि तुमची ट्रिप संपायची कुठं? नेमकी पंचबोलला. दिवस कलायला लागला की सगळ्यांना दरीपासून मागं, खडकाच्या आत उभं करायचे आणि आधी स्वतःचं नाव मोठ्यानं पुकारायचे. दरी ते परत आणायची. पाच वेळा येतं म्हणतात, मला तर तीनदाच ऐकू यायचं, पण तुम्ही पाच बोटं मोजून दाखवायचे. मग एकेकाला म्हणायचे, ज्याला भेटावंसं वाटतं त्याचं नाव घ्या. पोरं पोरांची नावं घ्यायची, मास्तरांना घाबरणारी मास्तरांचं घ्यायची, सगळं कसं खेळीमेळीत.

एकदा ते अकोल्याचे पेन्शनर आले होते, कोट घालून, एकटेच. दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ‘रुक्मिणी’ म्हणाले. मोठ्यानं नाही. तरी दरीनं ते नाव घेतलं आणि परत दिलं. चाळीस वर्षं संसार केला, पण नावानं कधी बोलावलं नाही, असं ते तुम्हाला म्हणाले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर तुम्ही एकही किस्सा सांगितला नाही. मोटारीत दिवे नव्हते, तुम्ही माझ्याजवळ मागच्या सीटवर येऊन बसलात, आणि कितीतरी वेळानं म्हणालात, “तू घेशीन का माहं?”

मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका.

तेच पुन्हा विचारलंत, मोठ्या इर्विन इस्पितळात नाही, त्या दुसऱ्या लहान दवाखान्यात, लोखंडी खाटेवर. बाहेर पाऊस होता. माय नलूला घेऊन घरी गेल्या होत्या. तुमचा ताप उतरत नव्हता, ओठ सुकले होते, तरी खोडी गेली नाही. “घे न एकदा. इथं कोन ऐकून राहिलं?” मला वाटलं, आताच तर ह्या माणसाला एकेका श्वासाची गरज आहे, आणि मी त्यातला एक कसा कमी करू? मी म्हटलं, बरे व्हा, पंचबोलला घेईन, तिथं पाचदा ऐका. तुम्ही म्हणालात, “मंग बरं व्हाच लागते.”

तुमचा शब्द होता हो तो. मी माझा पाळणार होते. तुम्ही तुमचा का नाही पाळलात?

आता कळलं ना, मी रहीमभाईंना हो का म्हटलं नाही? किस्से मला पाठ आहेत. वकिलाचं पोटही मी बसवीन. दांडा धरून उलटं उभं राहायला जमणार नाही, पण बसून सांगेन. विधवा बाई मोटारीत बोलते म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडो. मला भीती आहे ती शेवटाची. ट्रिप संपते ती तुमच्या नावानं. तुम्ही ते पुकारल्याशिवाय बाकीच्यांची तोंडं उघडत नाहीत. मग तिथं उभी राहून मी काय पुकारू? अवो?

इथपर्यंत लिहिलं आणि माय आल्या. हात पदराला पुसत शेजारी बसल्या. कोणाला लिहून राहिली, त्याला का, असं विचारलं. मी मान हलवली. तुम्ही गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात, तुम्हाला माहीत आहे त्यांचा स्वभाव. मला वाटलं आता ऐकवतील. मी घाबरत घाबरत सगळं सांगून टाकलं. रहीमभाईंचं, मोटारीचं, पंचबोलचं, दवाखान्यातलंही. आयुष्य कमी होतं म्हणून मी तिथंही जीभ आवरली, हे सांगताना मात्र मला रडू फुटलं.

माय अंबाडीचं एक देठ बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीनंच सांगतलं होतं तुले ते. मले माह्या सासूनं सांगतलं. मी बी नाही घेतलं कदी, तरी गेलेच ते.” देठ खाली ठेवलं. “आता कावून भेतं? आता कोनाचं आयुष्य कमी होते?”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लग्नात ठेवला होता तसा. आणि उठता उठता म्हणाल्या, “भाकरी जास्तीच्या टाकजो. मी बी येतो उद्या. मले बी एक नाव घ्याचं हाये.”

तुमचं की तुमच्या बाबांचं, ते मी विचारलं नाही. गुडघे धरून बसणारी तुमची माय उद्या घाट चढणार आहे. ऐकताय ना?

नलूला रहीमभाईंकडं ‘येते’ असा निरोप घेऊन पाठवलं आहे. ज्वारीचं पीठ काढून ठेवलं. ठेचा सकाळी करीन. गाविलगडावर मी सगळं सांगीन, सराफा, कासारांचा बोळ, सगळं. आणि एक माणूस माझ्या पदरचा बसवीन. दोन तोंडांच्या पाखराखाली एक जण धुकं उठायची वाट बघत बसला होता, असं सांगीन. त्याला बायकोची हाक कळली नाही, हे मात्र सांगणार नाही. ते आपल्या दोघांतलं.

मग दिवस कलला की सगळ्यांना खडकाच्या आत उभं करीन आणि पुढं होऊन तुमचं नाव पुकारीन. लग्नातल्यासारखं पदरात नाही, दरीपलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं. हा माझा शब्द. दवाखान्यात दिला होता तोच, फक्त जागेवर नेऊन पाळते आहे. तुम्ही एवढंच करा, ह्या खेपेला कोणा दुसऱ्याची बायको समजू नका. ओ द्या.

आवाज उद्या लागेल. आज कागदावर हात बसवून घेते, म्हणून खाली पहिल्यांदाच पूर्ण सही करते आहे.

तुमचीच,
वत्सला दिगंबर वानखडे