कूलरमधलं मटण

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप दाजी,

दुरूनच नमस्कार. (जवळून करायचा तर तुम्ही पैठण सोडायला हवं.)

सर्वांत आधी माझ्यावरचा अन्याय नोंदवतो. माझ्याकडं सात शर्ट आहेत आणि सातही शर्टांना धुराचा वास मारतो. काल बँकेत साहेबांनी खुर्ची लांब सरकवून हळूच विचारलं, कुणाच्या मातीला गेला होता का? वर, आल्यावर अंघोळ करायची असते, हेही समजावून सांगितलं. मला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

तुमची तब्येत विचारत नाही, उत्तर पाठ आहे. श्रेया अमेरिकेतून फोन करते तेव्हा तिलाही तुम्ही ‘जेवलो’ आणि ‘बरा आहे’ एवढंच देता म्हणे. पोटच्या लेकीला एवढंच, तर मेव्हण्याचा फोन वाजून वाजून बंद पडावा, यात गैर काय? असो. तिनंच मला एक व्हिडिओ पाठवला. तिकडं लोक लोखंडी पेटीत मटण टांगून दहा-दहा तास धुरावर शिजवतात. बघून मला वाटलं, अशी पेटी तर आपल्या गच्चीवर पडून आहे. तुम्ही केलेला कूलर.

होय, तोच. बाबा अंथरुणाला खिळले होते त्या उन्हाळ्यात वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून तुम्ही रोज संध्याकाळी इथं यायचात, पत्रा कापायचात, आणि ताई दुसरं टोक धरून उभी असायची. (‘हलू नको’ हे तुमचं प्रेमाचं एकमेव वाक्य आम्ही तेव्हाच ऐकलं.) आता मी धुराड्यासाठी वरचा पत्रा कापायला घेतला तर दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. भोक वाकडं झालं. त्यात बसवलेला पाइप शेजारच्या अप्पारावांच्या गच्चीकडं मान करून उभा आहे.

पहिल्या रविवारी दारातल्या लिंबाच्या वाळक्या फांद्या जाळल्या. मटण असं कडू झालं की गल्लीतल्या कुत्र्यानं हुंगून माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवून निघून गेला. अप्पाराव मात्र खूश. म्हणाले, डास गेले, दर रविवारी करत जा.

दुसऱ्या रविवारी बाभूळ आणली. शिवाय धूर आत नीट फिरावा म्हणून कूलरचा पंखा जागेवरच ठेवला होता, तो चालू केला. (इथं तुम्ही कपाळाला हात लावला असणार.) तुमच्या हातचा पंखा, दाजी, एका दमात सगळी राख पलीकडच्या गच्चीवर लीलाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर. लीलाबाईंनी कठड्यावर येऊन आमच्या चार पिढ्यांचा उद्धार केला, पण ताईला वगळून. ‘अशा गुणी बाईचा भाऊ हा असा कसा निघाला,’ एवढं म्हणाल्या आणि कुरडया झटकायला लागल्या.

त्यातच पत्रा तापून असा उग्र वास सुटला की मी पाणी ओतून सगळं विझवलं. जस्ताचा पत्रा तापवायचा नसतो हे तुम्ही मला सांगितलं असतं. फोन उचलला असता तर.

सौ. करुणा पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, ‘ज्यांनी बनवला त्यांना का नाही विचारत?’

‘ते फोन उचलत नाहीत.’

‘मग तुम्ही का नाही जात?’

मी भिजलेली राख भरायला घेतली.

खरं तर उत्तर होतं. ताईच्या वर्षश्राद्धानंतर तुम्ही या दारात आला नाहीत, आणि मी तुमच्या दारात आलो नाही. ताई नसलेल्या घरात आधी कुणी जायचं, यावर आपण दोघं वर्षभर अडून बसलोय.

तुमचा,
सुदर्शन

ता. क. – जाड पत्र्याची नवी पेटी करायची आहे. वेल्डिंग तुम्ही करायचं, दुसरं टोक मी धरतो. हलणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं या. नाही आलात तर दुपारच्या गाडीनं मीच तिकडं येतो.

ता. क. दुसरा – पेटी बाजारात तयार मिळते, हे मला माहीत आहे.

ता. क. तिसरा – लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला आलात तेव्हा जावयासाठी राखलेली मटणाची नळी पातेल्यातून गायब झाली होती. ताईनं मांजरावर आळ घेतला, कारण तिनं मला खाताना बघितलं होतं. या पत्रासोबत कंडक्टरच्या हाती डबा पाठवलाय, त्यात नळी आहे. गॅसवर शिजवलेली आहे. गरम करून खा.