देवाचं कॅलिब्रेशन

३ फेब्रुवारी
नलिनीच्या हार्टचा व्हॉल्व्ह लीक आहे. डॉक्टरने स्क्रीनवर दाखवला. बदलावा लागेल म्हणाला, उशीर नको. पंचवीस तारीख दिली. मी लगेच हो म्हटलं. विक्रोळीच्या कारखान्यात जन्म गेला माझा. व्हॉल्व्ह लीक झाला की बदलायचा, चर्चा कसली.
मुलुंडला घरी आलो. बायको चप्पल काढता काढता म्हणाली, गावच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. वाट लागली.
जेवल्यावर चिमूटभर तंबाखू. पचनासाठी. रिटायर झालो त्या दिवशी तंबाखू सोडली ती सोडलीच. पचनाची वेगळी.

५ फेब्रुवारी
कौल म्हणजे काय, तर देवाच्या पाषाणावर डावीकडे-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. सीताराम गुरव गाऱ्हाणं घालणार. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी दहावी नापास, पण यात ओलावा आणि वारा सोडून काही नाही हे मलासुद्धा कळतं. नलिनीला समजावलं. ती मेथी निवडत होती. निवडत राहिली.
श्रुतिकाला बोलावलं. मुलगी एमेस्सी, अंधेरीला औषधांच्या लॅबमध्ये. तिने आईला चार शब्द सुनावावेत ही अपेक्षा. ती मलाच म्हणाली, बाबा, सायन्सने अध्यात्मात नाक खुपसू नये. मोजता येत नाही ते सायन्सचं काम नाही. आईला कौल घेऊ दे, तिला धीर येईल, विषय संपला.
एवढं शिकवलं ते याच्यासाठी. मोजता येत नाही असं काही नसतं. बरोबर गेज सापडलेलं नसतं, बस.

६ फेब्रुवारी, सकाळ
प्रयोग. पाटा उभा करून दोन ओल्या पाकळ्या. फॅन चालू: दोन्ही उडाल्या, एक डाळीत सापडली. फॅन बंद: पडल्याच नाहीत. वाळून बसल्या. वाटण करायचं म्हणून नलिनीने त्या खरवडल्या, पाटा उचलून जागेवर नेला. दम लागला तिला. मी उचलला असता, पण नोंद करत होतो.

८ फेब्रुवारी
सापडलं. इन्स्पेक्शनला असताना काय करायचो? कुठलंही नवीन गेज हातात आलं की आधी मास्टर पीसवर लावायचं. मास्टरचं माप आपल्याला पक्कं माहीत असतं. गेजने तेच दाखवलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. देवालाही तेच. ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असा प्रश्न आधी टाकायचा. चुकला की रिजेक्ट, आणि पंचवीसला ऑपरेशन.
नलिनीला सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. म्हणाली, बरं.
झकास.

९ फेब्रुवारी
मेव्हण्याला, धोंडूला, गावी फोन. प्रश्न सांगितला: विक्रोळी मुंबईत आहे काय? धोंडू म्हणाला, असलं विचारलं तर सीताराम गुरव देवळातून हाकलेल. घरातलं काहीतरी विचारा.
घरातलं, पक्कं माहीत असलेलं. फार विचार करावा लागला नाही. प्रश्न दिला: सहदेवाने तंबाखू सोडली, हे खरं काय? कंपनीच्या गेटवर सगळ्यांसमोर पुडी फेकली होती मी. याहून पक्का मास्टर पीस मिळणार नाही.
नंतर नलिनीने फोन घेतला. बहीण-भाऊ गॅलरीत बराच वेळ बोलले. पाऊसपाणी असणार.

१३ फेब्रुवारी
धोंडूचा फोन. डावा कौल. म्हणजे सोडलेली नाही.
गेज रिजेक्ट. मी तसं जाहीर केलं. नलिनी उठली, चपलांच्या स्टँडमागे हात घातला, पुडी काढली आणि देव्हाऱ्यात देवासमोर ठेवली. मग म्हणाली, "गेज बरोबर आहे. आता ऑपरेशनचं विचारा."
ती पुडी जुनी असेल हे सांगायचं राहून गेलं.

१६ फेब्रुवारी
धोंडू म्हणाला, "भावजी, देवान डावो दिल्यान."
ऑपरेशनला नाही.

१७ फेब्रुवारी
नलिनीने स्वतः हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. गोड आवाजात. मी म्हटलं, देवाचं काय ऐकतेस? ती म्हणाली, मी तशीही ऐकणार होते, तुम्ही वर तपासून दिलात.
श्रुतिका संध्याकाळी आली. आईवर चिडेल असं वाटलं. माझ्यावर चिडली. "बाबा, देवाला सर्टिफिकेट तुम्ही दिलंत."
टेन्शनमध्ये एक चिमूट. औषध म्हणून.

२० फेब्रुवारी
एका रीडिंगवर गेज पास करत नाहीत हा मुद्दा मांडला. पुन्हा विचारू. सीताराम गुरवाचा निरोप आला: देव म्हणजे टोल-फ्री नंबर नाही.
नलिनी आता जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबते. भिंतीला हात लावते, दारावरच्या पाट्या वाचते. शेजाऱ्यांची नावं तिला काय नवीन आहेत?

२ मार्च
झोपते बसून. पाठीशी दोन उशा. मी सगळं करून बघितलं. ओरडलो, गप्प बसलो, डॉक्टर फोनवर दिला. ती सगळ्यांना बरं म्हणते.
मला चहा येत नाही. म्हणजे येतो, पण हिला आवडेल असा येत नाही.
शेवटी मीच धोंडूला फोन केला. म्हटलं, काय वाटेल ते विचार, पण हो काढ. तो म्हणाला, हो काढता येत नाही, काय चुकलं ते विचारता येतं. काय चुकलं असेल ते माझी बायको बघेल म्हणाला. म्हणजे त्याची नाही, माझी.

५ मार्च
नलिनीने प्रश्न दिला. सहदेवाने खरोखर तंबाखू सोडली, तर ऑपरेशन करू काय?
उजवा. एका दमात पडली म्हणे पाकळी.
हा प्रश्न नियमात बसत नाही, एका प्रश्नात दोन मापं आहेत. तरी मोरीत पुडी रिकामी केली. दुसरी पँटच्या खिशात ठेवली, इच्छाशक्तीची टेस्ट म्हणून. सीलबंद.

११ मार्च, सकाळ
हॉस्पिटल. डॉक्टरने नवीन व्हॉल्व्हचं चित्र दाखवलं. टॉलरन्स विचारला, मापात किती फरक चालतो. हसला. मी मस्करी करत नव्हतो.
नलिनीला स्ट्रेचरवर घेतलं. हिरवी टोपी घातलेली, ओळखू येत नव्हती. जवळ बोलावलं. म्हणाली, खिशात काय आहे? काही नाही म्हटलं.
"देवाला विचारू?"
दिली. तिने ती नर्सच्या हातात ठेवली आणि आत गेली.

११ मार्च, दुपार
दार बंद. श्रुतिका शेजारी बसली आहे. तिला सांगितलं, तुझं बरोबर, सायन्सने त्यात पडू नये. ती म्हणाली, आता बोलू नका बाबा. ओठ हलत होते तिचे. एमेस्सी.
सायन्स सगळं आत आहे. बाहेर मी. खिशात हात जातो आणि रिकामा येतो.
गाऱ्हाणं घालायला गेलो तर शब्द येत नाहीत. जन्मभर सीताराम घालायचा, मी मागे उभा राहून फक्त 'व्हय महाराजा' म्हणायचो. धोंडूला फोन लावला. तो देवळातच बसलेला, सकाळपासून. त्याने गाऱ्हाणं घातलं, मी इकडून व्हय महाराजा. वॉचमन येऊन म्हणाला, काका, आवाज कमी.
फोनची बॅटरी गेली. पुढचं गाऱ्हाणं ऐकू येत नाही.
दार अजून उघडलेलं नाही. व्हय महाराजा. व्हय महाराजा.