सामुद्रधुनीची लढाई, दुसऱ्यांदा

ती. दादास,

अंतर फार असल्यामुळे मनातल्या मनात वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनीचा खोकला गेला, की अजून सगळं घर जागं ठेवतो? इकडे सगळे हातीपायी धड आहोत. माझा दवाखाना मात्र मध्ये बंद होता, आणि त्याचं कारण तुला आत्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. मला वेड लागलेलं नाही. मी वारा झालो होतो.

तुला ठाऊकच आहे, माझे सासरे लढाऊ जहाजांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते. लढाईच्या आधी आरमाराच्या वाट्याला पोलाद आलं ते बेताचंच. त्यात एकतर अजस्र तोफांचं एक जहाज झालं असतं, नाहीतर टॉर्पेडो सोडणाऱ्या चपळ बोटींचा ताफा. सासऱ्यांनी बोटींचा आराखडा काढला. वरच्या मजल्यावरून हुकूम आला, मोठं जहाज बांधा. (त्या जहाजाला सासरे आजही हत्ती म्हणतात आणि आपल्या न बांधलेल्या बोटींना मुंगसं.) हत्ती सामुद्रधुनीच्या तोंडाशी उभा राहिला. शत्रूच्या बोटी इतक्या जवळ घुसल्या की याच्या तोफांची तोंडं तेवढी खाली वळेनात. सुकाणू गेलं आणि हत्ती वाळूत जाऊन बसला. धड बुडालासुद्धा नाही! सामुद्रधुनी गेली, बंदर गेलं, आणि त्या जहाजावर इंजिनापाशी असलेला सासऱ्यांचा धाकटा भाऊही गेला. त्यामुळे "तेव्हा मुंगसं असती तर..." असं सासरे जेवताना म्हणाले की आम्ही कुणी हसत नाही. माना खाली घालून जेवतो.

तर मागच्या महिन्यात माझ्याकडे एक वयोवृद्ध गृहस्थ दाढ दुखते म्हणून आले. पाठ अशी ताठ की खुर्ची मागे झुकवली तरी माणूस झुकेना. मी त्यांचा जबडा उघडून, गालात कापूस कोंबून कामाला लागलो, तेवढ्यात बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलेले सासरे आत आले. त्यांनी चेहरा ओळखला. हुकमावर सही करणारे अॅडमिरल तेच! सासरे खुर्चीशी उभे राहिले आणि इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं त्यांनी ऐकवलं: तोफांचे कोन, पोलादाचं वजन, वाळूची खोली, शेवटी भावाचं वय. अॅडमिरलना उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात माझी दोन हत्यारं. (त्या जबड्यातून "आ"शिवाय काहीही निघणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य होतं.) कापूस काढल्यावर ते तिरमिरून निघून जातील अशी माझी खात्री होती. त्यांनी चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "सिद्ध करून दाखवा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझा दवाखाना गोदी झाला. कवळ्यांच्या साच्यांसाठी आणलेल्या प्लास्टरमधून हत्ती ओतला गेला. माझ्या ड्रिलवर बोटींच्या सुकाणूंची पाती घासली गेली. ठणकती दाढ धरून आलेल्या एका बाईंना सासऱ्यांनी, हातातला बोटीचा सांगाडा खाली न ठेवता, संध्याकाळी या म्हणून सांगितलं. पण दादा, खोटं कशाला बोलू, लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून त्यांनी मुंगसांची पोटं घडवली, तळाशी शिशाच्या चकत्या तोलून तोलून बसवल्या, तेव्हा मी हात धुवायचं विसरून बघत राहिलो. कागदाबाहेर कधीच न आलेली बोट तो माणूस डोळे मिटून चाचपत होता.

लढाईला जागा मिळाली ती पोहण्याच्या तलावाची, दुपारी, पोहणारे घरी गेल्यावर. तलावाचा राखणदार आधी नको म्हणाला, मग स्वतःच काठावर बाक ओढून बसला. आमची ही गणिताची शिक्षिका, म्हणून पंच. फासे टाकून कोणाचा गोळा लागला ते ती सांगणार. हत्ती अॅडमिरलकडे, मुंगसं सासऱ्यांकडे. मी टेबलफॅन आणि एक रुंद फळी घेऊन वारा आणि लाटा. शत्रूच्या आरमारासाठी माणूस सापडेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मी होते. (सासऱ्यांना आयुष्यात हरवू शकलेली ती एकमेव व्यक्ती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.)

पहिली फेरी हत्तीची. जे झालं होतं तेच झालं. अॅडमिरल काठाशी गुडघ्यावर बसून आपलं जहाज वाळू मानलेल्या पायऱ्यांकडे जाताना पाहत होते.

दुसरी फेरी मुंगसांची. पाण्यावर त्या बोटी अशा बसल्या की मी पंख्याचं बटण दाबायचंच विसरलो. सासऱ्यांनी बोटी ओढायचे दोरे हातात घेतले आणि वाट पाहू लागले. सासूबाई बाकावरून हलल्याच नाहीत. ही म्हणाली, आई, तुझी पाळी. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आज येत नाही. माझ्याकडे मोठी जहाजंही आहेत, मला घाई नाही. जावईबापू, वारा सुटू द्या, मग येते."

कचेऱ्यांमधून, मंत्र्यांसमोर, इतक्या माणसांनी इतकी वर्षं त्या लढाईचा कीस काढला. शत्रू आपल्या सोयीचा दिवस निवडेल, हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी पंखा सोडला, फळी मारू लागलो. लाटा उठल्या. एक मुंगूस कलंडलं, मग दुसरं, मग तिसरं. ही फासे हातात धरून उभीच होती, टाकायची गरजच पडली नाही. प्रत्येक बोटीवर किती माणसं असती ते सासऱ्यांना तोंडपाठ आहे. दर बोटीगणिक ते हातातला एकेक दोरा खाली ठेवत होते. मी फळी थांबवली, तर ते ओरडले, "थांबू नका!"

आणि मग मी ते पाहिलं. पहिल्या फेरीनंतर हत्ती पाण्यातून काढायचा राहून गेला होता. माझ्या लाटांत तो ढिम्म उभा होता, आणि त्याच्या आडोशाच्या बाजूला पाणी जवळजवळ सपाट होतं. वाहत वाहत तिथे गेलेली दोन मुंगसं सरळ उभी होती, नाकं शत्रूकडे करून. सासूबाई पहिल्यांदाच बाकावरून उठल्या. "हत्तीच्या आडोशाला उभ्या या दोघांच्या अंगावर मी नसते गेले," त्या म्हणाल्या. दादा, चार हात लांबीच्या पाण्यात एक सबंध बंदर शाबूत उभं होतं.

काठाशी अजून गुडघ्यावरच बसलेले अॅडमिरल म्हणाले, "तुम्ही तेव्हा आराखडा घेऊन वर माझ्याकडे का नाही आलात?"

"आलो होतो," सासरे म्हणाले. "जिन्यात शिपायाने अडवलं. वरच्या मजल्यावर जायचा पास नव्हता."

अॅडमिरलनी मान खाली घातली. मग सासऱ्यांनी त्यांना हात देऊन उठवलं (गुडघे धरले होते), आणि दोघांनी मिळून, बाह्या वर न करताच, कलंडलेल्या बोटी पाण्यातून एकेक करून काढल्या. सासरे त्या दिवसापासून "तेव्हा असं असतं तर" म्हणत नाहीत. आता म्हणतात, "आडोसा किती अंतरापर्यंत पुरतो?" अॅडमिरल रोज सकाळी येतात आणि ते दोघे नवा आराखडा काढतात. दाढेचं काम अजून अर्धंच आहे.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तलाव आता आम्हाला बंद झाला आहे. (प्लास्टर पाण्यात विरघळतं, हे दंतवैद्याला माहीत असायला हवं होतं.) तुझ्याकडच्या दगडाच्या जुन्या खाणीत पाणी भरलंय ना? दोन म्हातारे, एक पंच आणि एक आरमार महिनाभर ठेवून घेशील का?

ता. ता. क. विचारायला जरा उशीर झाला. मंडळी सकाळच्या गाडीने निघाली. मी या पोरखेळात यापुढे पडणार नाही असं मी हिला ठणकावून सांगितलंय, त्यामुळे फळी घेऊन उद्याच्या गाडीने येतो.

ता. ता. ता. क. खाणीवर वारा दुपारी कोणत्या बाजूने येतो आणि किती वाजता पडतो, ते वेगळ्या चिठ्ठीत लिहून सासूबाईंच्या हातात दे. सासऱ्यांना कळू देऊ नकोस.